हो, फेका

१

बासरीवाल्यांच्या दातांचा साचा कचऱ्यात गेल्याने मेणकाकांच्या पदरात काय पडणार होतं, याचा हिशेब आत्यांनी बसमध्ये बसल्याबसल्या दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा उत्तर शून्यावर आलं. पगार वाढणार नव्हता, सुट्टी मिळणार नव्हती. उलट महिनाभराची मेहनत पाण्यात जाणार होती आणि तिच्यामागून नोकरीही. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो हे आत्यांना मान्य होतं. पण त्यासाठी तो सगळ्यात जड धोंडा निवडून आणत नाही.

मामला त्यांना भाच्याच्या मेसेजवरून कळला होता. भाच्याची कवळ्या बनवायची लॅब होती. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येत, त्यांवरून प्लॅस्टरचे साचे ओतले जात, साच्यावर मेणात दात रचले जात आणि मग पक्की कवळी तयार होई. त्यातला एक साचा गेला होता आणि भाच्याचा तोल गेला होता. ‘आत्या, लगेच ये.’ पाठोपाठ ‘निघालीस का?’ त्याच्या पाठोपाठ नुसतं प्रश्नचिन्ह. मग दोन. आत्या तेव्हा अंघोळीला गेल्या होत्या. ओल्या हाताने त्यांनी ‘निघते’ असं लिहिलं, तर तिकडून ‘म्हणजे अजून निघाली नाहीस??’

आत्यांचं आयुष्य परीक्षेच्या हॉलवर देखरेख करण्यात गेलं होतं. कोण कुणाचं पाहून लिहितंय हे त्यांना पाठमोऱ्या मानेवरून कळे. निवृत्त झाल्यावर घराण्यातल्या सगळ्या चोऱ्या, लबाड्या आणि गायब वस्तू आपोआप त्यांच्याकडे येऊ लागल्या होत्या, जशी घरातली तुटकी बटणं शिवणयंत्रवालीकडे येतात.

लॅबच्या दारात भाचा वाट पाहत उभाच होता. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. लॅबमध्ये त्याला ‘सर’ म्हणत, घरी अजून ‘बब्या’.

“एका मेसेजला उत्तर द्यायला इतका वेळ, आत्या?”

“अंघोळ करत होते.”

“फोन जवळ ठेवत जा ना.”

“बब्या, साबण ठेवायला जागा नाही तिथे, फोन कुठे ठेवू? साच्याचं सांग.”

त्याने सांगितलं. बासरीवाले नावाजलेले वादक. वयोमानाने दात काढावे लागले, पण काढायच्या आधी डॉक्टरांनी शहाणपणा करून त्यांच्या मूळ दातांचा साचा घेऊन ठेवला होता. पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला, आणि त्या चढावर फुंकर फुटून सूर निघायचा. नवी कवळी हुबेहूब तशी हवी. साचा एकच. दात आता तोंडात नाहीत, म्हणजे दुसरा साचा होणं नाही.

“आणि तो काल कचऱ्यात गेला. मी ग्रुपवर विचारलं होतं! हे बघ.”

लॅबच्या ग्रुपवर कालचा मेसेज होता. ‘जुन्या साच्यांचं रॅक मोकळं करतोय. सगळे फेकू ना? कुणाचं काही ठेवायचं असेल तर सांगा.’ सोबत फोटो. तीन कप्प्यांचं लोखंडी रॅक, वरचा कप्पा रिकामा, मधल्या आणि खालच्या कप्प्यात पांढरे जबडे खच्चून भरलेले, फरशीवर दोरीने तोंड आवळलेलं एक पोतं. एवढे जबडे एकदम आपल्याकडे बघून हसताना पाहून आत्यांच्या अक्कलदाढेत उगाच कळ आली. फोटोखाली तीन उत्तरं होती.

घासू: हो.
भट्टीताई: हो सर.
मेणकाका: हो, फेका.

“नुसतं ‘हो’ नाही म्हणाले. ‘फेका’ म्हणाले! स्वतःच्या हातातलं काम, त्याचा साचा, आणि म्हणे फेका. मागच्याच आठवड्यात बासरीवाल्यांशी त्यांची जुंपली होती, दातांच्या रंगावरून. शिवाय पलीकडच्या रस्त्यावरची लॅब त्यांना बोलावतेय म्हणतात. मला गोत्यात आणून जायचं असेल.”

“ते स्वतः काय म्हणतात?”

“‘माझ्या फोनवरून गेलंय म्हणजे मीच म्हटलं असणार.’ एवढंच. पुढे तोंड उघडत नाहीत. संध्याकाळी बासरीवाले येणारेत. त्यांच्यासमोर मेणकाकांना उभं करणार, माफी मागायला लावणार आणि तिथल्या तिथे घरी पाठवणार. वीस वर्षं झाली असली तरी.” त्याने आत्यांचा फोन ओढून घेतला. “तुला ग्रुपवर घेतो. इथला नियम माहीत आहे ना? माझा मेसेज आला की पाच मिनिटांत उत्तर. हातात काहीही असो.”

“आणि नाही दिलं तर?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर कारण सांगायचं. पण दोन वर्षांत वेळच आली नाही.” भाच्याची छाती जरा पुढे आली. “एकदाही कुणाला उशीर झालेला नाही.”

आत्यांनी चष्मा वर सरकवला. अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले की त्यांना आधी संशय येत असे. आत्ता तसाच आला.

२

मेणकाका आतल्या खोलीत खिडकीशी बसून काम करत होते. समोर स्पिरीटचा दिवा, हातात तापवलेली सुरी, बोटांना गुलाबी मेण. साठीला टेकलेला, खांदे पडलेला माणूस. रात्री झोपला नव्हता हे डोळेच सांगत होते.

“बसा आत्या. चहा सांगू का?”

“चहा नको, खरं सांगा.”

“ते महाग आहे,” मेणकाका म्हणाले आणि सुरी दिव्यावर धरली.

आत्यांना माणूस आवडला, आणि त्यामुळे त्या आणखी वैतागल्या. “रंगावरून काय भांडण झालं होतं?”

“भांडण कसलं! मी पांढरे दात दाखवले तर म्हणाले, एवढे पांढरे नकोत, लोक सूर सोडून दात बघतील. मी म्हटलं, मग पिवळे करू? म्हणाले, माझे वाटतील असे करा. तासभर घातला वाद. मजा आली.” ते हसले आणि मग हसल्याची आठवण होऊन थांबले. “त्यांचा साचा मी सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला होता. इतरांपासून वेगळा. कुणाचा हात लागू नये म्हणून.”

“आणि मग फेका म्हणालात.”

“फोनवरून तसंच गेलंय.”

“मी फोनला विचारत नाहीये, तुम्हाला विचारतेय.”

“आत्या, वीस वर्षं मी सरांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या हाताखाली काम केलं. मी ‘फेका’ म्हटलं नाही असं सांगितलं, तर सर विचारतील मग कुणी म्हटलं. त्यापेक्षा मीच म्हटलं. सोपं आहे.”

“सोपं कुणाला?”

मेणकाका मेणाच्या दातावर फुंकर घालत बसले. आत्या उठल्या. हा माणूस कुणाला तरी झाकत होता, आणि झाकणाऱ्याला कितीही हलवलं तरी झाकण निघत नाही, वाकतं फक्त.

“जरा तुमचा फोन दाखवा.”

मेणकाकांनी कोपराने खिसा चाचपला. मग टेबलाखाली वाकून पाहिलं. मग कपाटाकडे पाहिलं. “असेल कुठेतरी,” ते म्हणाले.

“कुठेतरी?”

एवढ्यात आत्यांच्या पिशवीत टुणकन आवाज झाला. ग्रुपवर भाच्याचा मेसेज होता. ‘आत्या चौकशीला आल्या आहेत. सर्वांनी सहकार्य करावे.’ आत्या वाचतात तोवर खाली उत्तरं पडू लागली. घासू: हो. भट्टीताई: हो सर.

आणि तिसरं उत्तर. मेणकाका: हो सर, नक्की.

आत्यांनी मान वर केली. मेणकाका समोरच बसले होते. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जबडा, आणि दहाही बोटांना मेण.

३

“इथेच बसा,” आत्या म्हणाल्या. “आणि हलू नका.”

“मी कुठे हलतोय,” मेणकाका म्हणाले. चेहरा मात्र दिव्यासमोर असूनही पांढरा पडला होता.

बाहेरच्या लांबोडक्या बोळात उभं राहून आत्यांनी कान दिला. एका बाजूला भट्टीची घरघर चालू होती. तिथे चिनी मातीचे दात भाजले जात, आणि ती भट्टी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे भट्टीताई म्हणत. दुसऱ्या बाजूला तयार कवळ्यांना चकाकी आणणारं घासायचं मशीन असायला हवं होतं. त्याचा आवाज नव्हता.

परीक्षेच्या हॉलवर एखाद्या रांगेची सगळी उत्तरं सारखी आली, की आत्या उत्तरं तपासत बसत नसत. त्या वेळी कुणाचं पेन चालत होतं ते आठवत. लिहिणारा एक असतो, बाकीचे हात बांधून असतात. इथे गंमत उलटी होती. बाकीच्यांचे हात कामात होते, आणि ज्याचं मशीन थांबलं होतं तोच सगळ्यांची उत्तरं लिहीत असणार.

त्यांनी मागच्या सामानाच्या खोलीचं दार ढकललं. प्लॅस्टरच्या गोणीवर मांडी घालून घासू बसला होता. दोन मुलांचा बाप, अंगाने पैलवान, पण आत्ता अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा. मांडीवर स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये फोमची गादी, आणि गादीवर शेजारीशेजारी निजवलेले तीन फोन.

“आत्या, मी फक्त—”

“उठू नकोस. अंडी फुटतील.”

घासूने ट्रे सावरला. मग पोटातलं सगळं बाहेर आलं, कारण तो मुळात लबाड नव्हता, फक्त दमलेला होता.

“काय करणार, तुम्हीच सांगा! मेणकाकांनी मेण सोडलं की थिजतं. ताईंनी भट्टी सोडली की दात करपतात. माझं मशीन मधेच बंद केलं की ओरखडा पडतो. आणि सर दर थोड्या वेळाने काहीतरी टाकतात. ‘पाणी आलं का?’ ‘पंखे बंद केले का?’ ‘हा विनोद वाचा.’ विनोदालाही पाच मिनिटांत हसायचं! सुरुवातीला आम्ही धावायचो. हातमोजे काढ, फोन घे, हो लिही, मोजे घाल. आठवड्यात सहा कवळ्या वाया गेल्या. मग ठरवलं, पाळी लावायची. रोज एकाने तिघांचे फोन घेऊन बसायचं आणि तिघांच्या वतीने हो म्हणायचं. बाकी दोघं सुखाने काम करतात.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं. सर म्हणतात आपल्या लॅबची शिस्त बघा!”

“आणि घरचे मेसेज?”

घासू लाजला. “ते पण. वेळेवर उत्तर नाही गेलं तर घरून फोन येतो ना. ताईंच्या सासूबाईंना ‘औषध घेतलंत का’ मीच विचारतो. ताईंचे मिस्टर माझ्या पाळीच्या दिवशी फार खूश असतात. ताई स्वतः त्यांना नुसतं ‘हं’ पाठवतात. मी जरा फुलवून लिहितो.”

आत्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या स्वतःच्या पिशवीत जाऊबाईंचा मेसेज आला होता. ‘वाचलंस ना? खुणा निळ्या झाल्यात. मग?’ क्षणभर त्यांना वाटलं की आपलाही फोन त्या गादीवर निजवावा आणि घरी जावं.

“म्हणजे ‘हो, फेका’ मेणकाकांनी लिहिलं नाही.”

“नाही.”

“आज पाळी तुझी. काल कुणाची होती?”

घासू गादीवरचे फोन सरळ करू लागला.

“मेणकाका नोकरी घालवायला बसलेत, घासू. संध्याकाळ दूर नाही.”

घासूची नजर आत्यांच्या खांद्यावरून मागे गेली. आत्या वळल्या. दारात भट्टीताई उभ्या होत्या.

४

“माझी पाळी होती,” भट्टीताई म्हणाल्या. “त्याला नका त्रास देऊ.”

पस्तिशीची बाई, बांधा लहानखुरा, आवाज खणखणीत. आत्ता मात्र तो आवाज खाली आला होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

“काल सकाळपासून सरांनी मेसेजचा पाऊस पाडला होता. त्यात सासूबाईंचे वेगळे, घासूच्या मुलांच्या शाळेचे वेगळे. हा पण आला. ‘रॅक मोकळं करतोय’ एवढं दिसलं. फोटो उघडला नाही, पुढचं वाचलंही नाही. तिन्ही फोनवरून हो ठोकलं आणि मोकळी झाले.”

“आणि ‘फेका’?”

ताईंचे डोळे भरले. “तिघांचं नुसतं ‘हो’ गेलं तर एकाच हातचं वाटतं. म्हणून प्रत्येकाचं जरा वेगळं लिहायचं असं ठरलंय. घासूचं कोरडं, माझं ‘सर’ लावून, आणि मेणकाकांचं एखादा शब्द जास्तीचा. ते मोठे आहेत ना, बोलके आहेत. तो जास्तीचा शब्दच त्यांच्या मानगुटीवर बसला.”

“मग काल रात्रीपासून बोलला का नाहीत?”

“सर ओरडत होते. मी पुढे झाले, तर मेणकाकांनी नुसती मान हलवली. नको म्हणून. पाळीचं उघडं पडलं तर तिघंही जाणार. माझ्या आधीच्या दोन नोकऱ्या अशाच गेल्यात, त्यांना माहीत आहे.” त्यांनी नाक ओढलं. “त्यांनी नको म्हटलं आणि मला बरं वाटलं, आत्या. त्याचीच लाज वाटतेय. चला, सरांना सांगून टाकू.”

“थांबा.”

“आता कशाला थांबायचं?”

“तुम्ही फोटो अजूनही उघडलेला नाही ना?”

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

“घासू, तू?”

“मी कशाला उघडू? काल माझी पाळी नव्हती.”

आत्यांनी एक सुस्कारा सोडला. एक माणूस नोकरी गमावणार होता, दुसरी अश्रू गाळत होती, तिसरा गोणीवर बसून दोघांना झाकत होता, आणि ज्या प्रश्नावर सगळी परीक्षा होती तो कुणी वाचलाच नव्हता. आयुष्यभर हेच पाहिलं, त्यांच्या मनात आलं, आणि निवृत्तीनंतरही हेच.

“तो फोन द्या इकडे. मेणकाकांना बोलवा. हात न धुता येऊ देत.”

चौघांची डोकी एका छोट्या पडद्यावर वाकली. आत्यांनी फोटो मोठा केला.

“मेणकाका, साचा कुठे ठेवला होतात म्हणालात?”

“वरच्या कप्प्यात. हे बघा, इथे—”

मेणाने माखलेलं बोट पडद्यावर टेकलं आणि तिथेच थबकलं. वरचा कप्पा रिकामा होता.

“तिथे आणखी काय होतं?”

“इतर साचे होते. डाव्या टोकाला जुने, मधे जागा सोडून उजवीकडे बासरीवाल्यांचा. कप्पा रिकामा नव्हता आत्या, मी परवा संध्याकाळी स्वतः पाहिलाय.” मेणकाकांचा आवाज चढला. “म्हणजे फोटो काढला तेव्हा साचा आधीच गेला होता!”

“म्हणजे मी हो म्हणायच्या आधी?” भट्टीताईंनी विचारलं.

“तुम्हाला कुणी विचारायच्याही आधी,” आत्या म्हणाल्या. “आता एकच विचारते. या रॅकच्या खोलीची किल्ली कुणाकुणाकडे असते?”

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनीही भाच्याच्या केबिनकडे पाहिलं.

५

“काहीतरीच काय!” भाचा खुर्चीतून उठला. “मी माझ्याच लॅबचा साचा फेकीन? मला काय मिळणार त्यातून?”

“काहीच नाही. तेच मी बसमधून येताना मेणकाकांच्या बाबतीत म्हणत होते. हा साचा जाऊन कुणालाच काही मिळणार नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे मुद्दाम केलेलं काम नाही. बस खाली.”

“पण मी आधी विचारलं! मेसेज आहे. तिघांनी हो म्हटलं. मग मी पोतं भरलं.”

“फोटोत खाली बघ. हे काय आहे?”

“पोतं.”

“रिकामं?”

भाच्याने फोटो जवळ घेतला. दोरीने आवळलेल्या तोंडाकडे तो पाहत राहिला. “ते... ते दुसरं असेल.”

“कचरा नेणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारू.”

“तो मेसेजला कधी उत्तर देत नाही. उद्या-परवा देईल.”

“म्हणून मी फोन करते,” आत्या म्हणाल्या. त्यांनी भाच्याकडून नंबर घेऊन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. मागे रस्त्याचा गोंगाट होता.

“हां, बोला.”

“काल कवळीवाल्यांकडची पोती कुणी दिली तुम्हाला?”

“सरांनीच. पहिलं तर स्वतः उचलून आणलं आणि गाडीत भिरकावलं. आतलं सगळं खळ्ळकन वाजलं, मी म्हटलं हळू, पत्रा फाटेल. मी निघणार तर म्हणाले, थांब, अजून एक पोतं होईल, मघाशी आत फोटो काढलाय, तो टाकून जरा ग्रुपवर विचारून घेतो. मी म्हटलं, आता काय विचारता, अर्धं तर गाडीत पडलं. तर म्हणाले, विचारलेलं असावं.”

“ते पहिलं पोतं आता कुठे असेल?”

“कालच खड्ड्यात ओतलं बाई. वरून बुलडोझर फिरतो तिथे. काय हरवलं काय?”

“दात,” आत्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

भाच्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हा खोटं बोलत नव्हता, हे आत्यांना आता कळलं, आणि तेच जास्त वैताग आणणारं होतं. पहिलं पोतं त्याच्या डोक्यातून खरोखरच पुसलं गेलं होतं. मेसेज पाठवला, उत्तरं आली, म्हणजे विचारून केलं. बाकीचं त्याने हातांनी केलं होतं, पण डोक्यात नोंदवलं नव्हतं.

“वरचा कप्पा मीच आधी घेतला,” तो पुटपुटला. “हात पोचतो म्हणून.”

“आणि विचारायला का थांबला नाहीस?”

“कारण सगळे हो म्हणतात!” भाचा कळवळून ओरडला. “दोन वर्षांत कुणी एकदाही नाही म्हणालेलं नाही. काहीही विचारा, पाच मिनिटांत हो. मग थांबायचं कशाला?”

“मग विचारायचं तरी कशाला?”

“त्यांना बरं वाटावं म्हणून!”

घासूच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. भट्टीताईंनी मात्र दम धरला नाही. “सर, आम्ही हो म्हणत होतो ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून,” त्या म्हणाल्या, आणि मग फोनचा ट्रे, पाळी, विनोदांना हसणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

भाच्याने ऐकून घेतलं. मग त्याचे कान लाल झाले. “म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला फसवत होतात? माझ्या विनोदाला हसत होता तो कोण?”

“सोमवार आणि गुरुवारी मी,” घासू म्हणाला.

“बब्या,” आत्यांनी टेबलावर बोट आपटलं. “फसवणूक दोन्हीकडे आहे. ती उद्या वाटून घ्या. सगळे साचे एका बाजूला, आत्ता एकच प्रश्न आहे. बाहेर जाऊन त्या माणसाला काय सांगणार? मेणकाकांचं नाव?”

बाहेरची घंटी वाजली. बासरीवाले ठरल्या वेळेच्या आधीच आले होते.

मेणकाका उठले. “सर, मी येतो बरोबर. मला ते ओळखतात.”

भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची त्यांच्याकडे सरकवत म्हणाला, “नको. तुम्ही बसा, काका.”

६

बासरीवाले पुढच्या खोलीत बाकावर बसले होते. उंच, वाळलेले, मांडीवर कापडात गुंडाळलेली बासरी. तोंडात तात्पुरती कवळी होती, ती बोलताना हलत होती, म्हणून ते थोडंच बोलत.

आत्या दाराशी उभ्या राहिल्या. मागे तिघंही.

भाच्याने सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्याने ‘चुकून गेला’ असं म्हटलं, मग थांबून ‘मी फेकला’ असं म्हटलं. पोतं, टेम्पो, खड्डा, काही हातचं राखलं नाही. मेणकाकांचं नाव त्यात आलं नाही, भट्टीताईंचंही नाही.

बासरीवाल्यांनी जिभेने कवळी जागेवर बसवली. “म्हणजे माझे दात दोनदा गेले,” ते म्हणाले.

“हो.”

“मला विचारलं असतंत तर मीच घेऊन गेलो असतो. घरचा फोन आहे, मी दिवसभर घरीच असतो.”

“हो.”

“एवढी घाई कसली होती?”

भाच्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मग रिकामाच परत आला. बासरीवाले वाट पाहत राहिले. त्यांना वाट पाहायची सवय होती, पण काही वेळाने त्यांच्याही लक्षात आलं की याचं उत्तर येणार नाही. त्यांनी बासरीवरचं कापड नीट केलं आणि मेणकाकांकडे पाहून विचारलं, “फोटोवरून काही करता येईल का हो?”

“बघू,” मेणकाका म्हणाले. “नाही म्हणत नाही. पण हो पण म्हणत नाही.”

आता जमाखर्च.

पाच मिनिटांचा नियम गेला. भाचा अजून मेसेज टाकतो, मग फोन उलटा ठेवतो, मग सरळ करतो, मग बोळात येऊन तोच प्रश्न तोंडाने विचारतो. त्याला आता कधीकधी ‘नाही’ ऐकावं लागतं आणि ते ऐकताना त्याचे कान अजूनही लाल होतात. विनोद टाकणं त्याने सोडलं. घासूला सहाही दिवस मशीनवर उभं राहावं लागतं, आणि भट्टीताईंना घरी मिस्टरांकडे एक खुलासा करावा लागला, जो ऐकून ते दोन दिवस जेवले नाहीत. गोड शब्द कुणाचे होते याचं त्यांना दुःख झालं की ते थांबले याचं, हे ताईंनी विचारलं नाही.

मेणकाकांची नोकरी राहिली. सगळ्यांसमोर भाच्याने त्यांची माफी मागितली आणि त्यांनी ती खळखळ न करता घेतली. फक्त पूर्वी ते चहा आला की पहिला कप भट्टीताईंना ओतून देत. आता रिकामा कप पुढे सरकवतात. ताई स्वतः ओतून घेतात.

आणि कवळी तीनदा झाली. तरुणपणीच्या एका फोटोवरून, आठवणीवरून, अंदाजावरून. तिन्ही वेळा बासरीवाले आले, आरशात पाहिलं, रंग अगदी माझा आहे म्हणाले. मग बासरी ओठाला लावली. खालचे सूर निघाले. वरच्या सुराशी फुंकर पोचली आणि नुसती हवा झाली.

“छान बसलीय,” तिसऱ्या वेळी ते मेणकाकांना म्हणाले आणि बासरी कापडात गुंडाळून घेऊन गेले. परत आले नाहीत.

या चुकीचं मोल सगळ्यांनी थोडंथोडं भरलं. उरलेलं सगळं बासरीवाल्यांनी एकट्याने भरलं, आणि त्या ग्रुपमध्ये ते कधी नव्हतेच.